सिंगल घ्यावी की डबल?

माणूस चिकट आहे की उधळ्या, हे ओळखायला पूर्वी त्याच्याबरोबर काशीयात्रेला जावं लागे. २००५ ते २०१२ या काळात तेच काम कॉम्प्युटरच्या दुकानात अर्ध्या मिनिटात होत असे. कोऱ्या डीव्हीडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार मान वर न करता विचारायचा, "सिंगल की डबल?"

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव असलेल्या आणि त्या नावाने टॅक्सीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणीही न ओळखणाऱ्या रस्त्यावर) आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हा प्रश्न दिवसभर घुमत असे. सिंगल म्हणजे एका थराची, ४.७ जीबीची डिस्क. डबल म्हणजे दोन थरांची, ८.५ जीबीची. सिंगल वडापावच्या भावात मिळे. डबलच्या पैशांत थाळी आली असती. त्यामुळे सिंगलचा पन्नासाचा डबा काउंटरवर उघडा पडलेला असे आणि डबल मात्र काचेच्या कपाटातून किल्ली लावून काढावी लागे. दुकानदाराने किल्ली शोधायला सुरुवात केली की निम्मी गिऱ्हाइकं "राहू द्या, सिंगलच द्या" म्हणत.

उरलेली निम्मी हिशेब विचारत. आणि हिशेबाला बसलं की हा व्यवहार फार संशयास्पद वाटू लागतो. डब्यावर ४.७ लिहिलेलं, पण कॉम्प्युटरमध्ये घातली की जागा दिसते सुमारे ४.३८. याचं कारण साधं आहे. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ ने. दोघंही आपापल्या जागी खरे आणि मधल्या मध्ये आपली ०.३२ जीबी गायब. रॉकेलपासून तूरडाळीपर्यंत मापात मार खायची सवय असलेला माणूस हे सोडून देतो. पण डबलचं काय? एका थरात ४.७, तर दोन थरांत ९.४ व्हायला हवेत. तिथे लिहिलेलं ८.५. आमच्या नानाकाकांनी हा मुद्दा काउंटरवरच काढला. "दोन थर म्हणता, मग वरचे ०.९ कुठे गेले?" दुकानदार म्हणाला, "काका, कंपनीतूनच तशी येते." या उत्तरावर महाराष्ट्रात आजवर कोणालाही पुढचा प्रश्न सुचलेला नाही.

खरं उत्तर काकांना आवडलं असतं. लेझरला दुसऱ्या थरावरचं वाचायचं तर पहिल्या थरातून आरपार बघावं लागतं. म्हणून पहिला थर अर्धपारदर्शक ठेवतात. दोघांमध्ये जेमतेम केसाच्या जाडीचं अंतर. साहजिकच दोन्हीकडून परतणारा उजेड मंद होतो, अक्षर फिकट दिसतं, आणि फिकट अक्षर मोठं काढावं लागतं. सिंगलमधली सर्वांत छोटी खूण ०.४० मायक्रॉनची असते, डबलमधली ०.४४ ची. तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिल्यामुळे मजकूर कमी मावतो. काकांचे ०.९ जीबी तिथे गेले.

या सगळ्याच्या वर आणखी एक भांडण होतं, प्लस आणि मायनसचं. डीव्हीडी-आर आधीची, पायोनियरने १९९७ मध्ये आणलेली. मग फिलिप्स, सोनी वगैरे मंडळींनी वेगळी चूल मांडून डीव्हीडी+आर काढली. जुन्या घराण्याचं म्हणणं असं की आमच्या नावात आहे ती आडवी रेघ, तिला मायनस म्हणू नका. पण शेजारी प्लस येऊन बसल्यावर त्या रेघेला मायनस होण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. दोन थरांची लिहिता येणारी डिस्क २००४ मध्ये आधी प्लसवाल्यांनी आणली. मायनसवाले मागून आले. गिऱ्हाइकाला मात्र दुकानात उभं राहून एकाऐवजी दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागू लागली, आणि दुसऱ्या प्रश्नाला सगळे "प्लसच द्या" म्हणत. अधिक आणि उणे यांत निवड दिली तर पैसे मोजून उणे कोण घेणार?

तर या डिस्कवर लिहायचं काय? कोणी काहीही सांगो, मध्यमवर्गीय घरात ज्या सिनेमासाठी डबल घ्यावी की नाही यावर खरी बैठक बसली तो सिनेमा एकच. घरातलं लग्न.

बाजारातल्या सिनेमासाठी डबल घेण्यात अर्थच नव्हता. २००७ च्या सुमाराला मोझर बेअरने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. म्हणजे कोरी डबल महाग आणि आत नट, नटी, सात गाणी आणि एक खलनायक भरलेली डिस्क स्वस्त. लग्नाचं तसं नसतं. ते बाजारात मिळत नाही. आणि ते सिनेमापेक्षा लांब असतं.

किती लांब? 'लगान' २२४ मिनिटांचा आहे, आणि त्यात एक अख्खा क्रिकेटचा सामना आहे. व्हिडिओवाला साखरपुडा, मेंदी, हळद, सीमांतपूजन, लग्न, पंगत आणि पाठवणी असं सगळं कापून-जोडून जे हातात ठेवतो ते साडेतीन तासांच्या आत बसत नाही, आणि त्यात कोणी जिंकतही नाही. कापाकापीला वाव नसतो. पंगतीतला एखादा मामा उडवला तर पुढची दहा वर्षं तो मामा आपल्याकडे जेवत नाही.

आता हे साडेतीन तास ४.७ जीबीत कोंबायचे, तर आवाजासकट सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट वाट्याला येतात. डबलवर सुमारे ५.४. डीव्हीडीच्या नियमात नुसत्या चित्रासाठी ९.८ पर्यंत परवानगी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मेगाबिट म्हणजे काय हे सांगण्यात अर्थ नसतो. त्यांना एकच वाक्य कळतं, "सिंगलवर घेतलं तर चेहरे नीट दिसणार नाहीत." आणि एकच उत्तर येतं, "नवरा-नवरीचे दिसले म्हणजे झालं."

पण नेमके त्यांचेच दिसत नाहीत. डीव्हीडीतलं चित्र दाबून लहान करण्याची युक्ती अशी, की आधीच्या चित्रापेक्षा पुढच्यात जे बदललं असेल तेवढंच लिहायचं. जो हलत नाही तो स्वस्तात पडतो. त्यामुळे या तंत्रात गुरुजी सगळ्यांत सुबक दिसतात. अर्धा अर्धा तास हलत नाहीत. रुसून खुर्चीत बसलेली आत्याही उत्तम येते, तिच्या अंगावरच्या दागिन्यातला मणी न् मणी मोजून घ्यावा. हार घालताना नवरा-नवरी थोडी हलतात, तेही चालून जातं. अडतं ते अक्षतांच्या क्षणी. "सावधान" म्हटल्याबरोबर पाचशे माणसं एकाच वेळी मूठ रिकामी करतात आणि तांदळाचा प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने निघतो. कुठल्याच दाण्याचा आधीच्या चित्राशी संबंध नाही. सेकंदाला ३ मेगाबिटांत एवढे दाणे लिहिणं कोणाच्याही बापाला शक्य नसतं. चित्राचे चौकोन पडतात. साडेतीन तासांत जो एक क्षण बघण्यासाठी हा खटाटोप, त्या क्षणी नवरा निळसर चौकोन आणि नवरी लालसर चौकोन. होमाचा धूर, शालूची जर, वरातीतली आतषबाजी, हे सगळं याच जातीचं. आपलं लग्न दाबून लहान करायला जगातला सर्वांत वाईट ऐवज आहे. चर्चमधली लग्नं या बाबतीत फार सोयीची असावीत, पण तिथेही बाहेर पडताना कागदाचे कपटे उडवतातच.

त्यात व्हिडिओवाल्याची कला. त्या काळात कुठलाही प्रसंग संपून दुसरा नुसता सुरू होत नसे. आधीचा प्रसंग बदामाच्या आकारात लहान होई, गिरक्या घेई, पानासारखा उलटे आणि मग पुढच्या प्रसंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडे. मूळ लग्नात एकही गुलाब नव्हता. या पाकळ्याही मेगाबिट खातात. खऱ्या अक्षतांच्या तोंडचा घास खोट्या पाकळ्यांनी पळवावा, हे मात्र मला अजून सहन होत नाही.

यावर एक चांगला तोडगा होता. कॉम्प्युटरला सांगायचं, की आधी सगळं लग्न एकदा नुसतं बघ, कुठे गर्दी आहे, कुठे सामसूम आहे ते टिपून घे, आणि मग दुसऱ्यांदा बघताना गुरुजींचे वाचलेले मेगाबिट अक्षतांना दे. याने फरक पडतो. वेळ मात्र रात्रभर लागे. आमच्याकडचं लग्न कॉम्प्युटरने अशा रीतीने दोनदा पूर्ण पाहिलं. घरातल्या कोणीही अजून एकदाही पूर्ण पाहिलेलं नाही.

डबल घ्यायचीच असं ठरवणारे शूरही होते. त्यांचे हाल पुढे सुरू होत. दुकानदार विचारी, "तुमचा रायटर डबल मारतो का, ते बघितलंत?" नवा रायटर घ्यावा लागे. रायटर आला की डिस्क मारायची. सुरुवातीच्या डबल डिस्क २.४ पटीच्या वेगाने लिहिल्या जात, म्हणजे भरलेल्या डिस्कला पाऊण तासाला थोडा कमी वेळ. पाऊण तास ऐकायला किरकोळ वाटतो. पण हा काळ महाराष्ट्रातल्या भारनियमनाचा आहे हे विसरू नका. वीज किती वाजता जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि वीज ते पेपर वाचत नसे. एकदा लिहायच्या डिस्कला मध्ये खंड चालत नाही. ९७ टक्क्यांवर वीज गेली तर थाळीचे पैसे पाण्यात आणि हातात एक चकचकीत, भोकाची, कशाच्याही उपयोगाची नसलेली चकती. ती पुढे बाल्कनीत कबुतरांना भिवविण्यासाठी दोऱ्याला टांगली जाई. कबुतरं तिच्याकडे बघून केस नीट करत असावीत, इतकी ती तिच्यापाशी रमत.

म्हणून डिस्क मारण्याला विधीचं स्वरूप आलं. माउस हलवायचा नाही. स्क्रीनसेव्हर बंद. स्वयंपाकघरात दवंडी, "पाऊण तास मिक्सर लावू नका." ज्यांच्याकडे यूपीएस असे त्यांना सोसायटीत मान असे. वेगाबद्दल प्रत्येकाची श्रद्धा निराळी. कोणी म्हणे चारच्या वर जाऊ नकोस, कोणी म्हणे डिस्कवर लिहिलाय त्याच्या निम्मा ठेव. सोळाने मारणाऱ्याकडे लोक रात्री शिट्टी वाजवणाऱ्याकडे बघतात तसं बघत. सॉफ्टवेअर म्हणून बहुतेकांकडे नीरो. त्याच्या चिन्हात पेटलेलं कलोसियम होतं. रोम जळलं इसवी सन ६४ मध्ये, नीरोच्या काळात. कलोसियम बांधायला घेतलं ते नीरो मेल्यानंतर आणि खुलं झालं ८० साली. जे उभंच राहिलेलं नव्हतं ते जळताना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती आम्ही घरातलं लग्न सोपवत होतो. निघालेली डिस्क हॉलमधल्या प्लेयरमध्ये घातली की टीव्हीवर अक्षरं यायची, "नो डिस्क."

हा अपमान डबलवाल्यांच्या वाट्याला जास्त येई. जुन्या प्लेयरला दोन थरांची कारखान्यात छापलेली डिस्क माहीत होती, घरी लिहिलेली माहीत नव्हती. मग जाणकार पोरं डिस्कचा जन्मदाखला बदलत. लिहितानाच त्या डिस्कच्या कपाळी नोंद करायची की मी घरातली नाही, मी कारखान्यातलीच. प्लेयर नोंद वाचून मुकाट वाचायला घेई. ही लबाडी रायटरमध्येच पुरवलेली असे, आणि प्लस डबलमध्ये ती चालत असे, मायनसमध्ये नाही. "प्लसच द्या" म्हणणाऱ्यांना नकळत शहाणपण लाभलं ते असं.

आणि एवढं सगळं निभावलं, तरी थर बदलण्याची जागा उरतेच.

सिनेमासाठी लिहिलेल्या दोन थरांच्या डिस्कमध्ये लेझर पहिल्या थरावर आतून बाहेर वाचत जातो, डिस्क पूर्ण भरलेली असेल तर अगदी कडेपर्यंत. तिथे पोचला की नजर दुसऱ्या थरावर रोखतो आणि बाहेरून आत परत येतो. नजर बदलायला त्याला क्षणभर लागतो. साध्या प्लेयरवर चित्र तेवढा वेळ गोठतं. डिस्क बनवणारे व्यावसायिक हा क्षण काळोखी दृश्यात, प्रसंग संपतो तिथे दडवून टाकतात. घरी डिस्क लिहिणाऱ्याला इमगबर्नसारखं सॉफ्टवेअर सरळ विचारायचं, "कुठे तोडू?" नियम असा की पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान असता कामा नये. म्हणजे तोड मध्यावर किंवा मध्याच्या पुढेच. साडेतीन तासांच्या लग्नाच्या मध्याच्या जरा पुढे काय असतं? साखरपुडा झालाय, हळद झालीय, सीमांतपूजन झालंय. नवरा-नवरी बोहल्यावर उभी आहेत. मध्ये अंतरपाट आहे. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं चाललंय.

आणि लग्न थांबतं. शेवटच्या सावधानआधी गुरुजींचं तोंड उघडं. पाचशे माणसांच्या मुठी वळलेल्या. अंतरपाट अर्धा खाली. चांगल्या प्लेयरवर एका सेकंदात सुटका होई. स्वस्तातल्या प्लेयरवर तो क्षण लांबत जाई, घरातली सगळी मंडळी श्वास रोखून बसत, आणि नानाकाका म्हणत, "लग्नाच्या दिवशी नाही अडलं, ते आता अडलं."

दुसरी गोष्ट अशी, की पूर्ण भरलेल्या डबलमध्ये हा मध्य डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला येतो. माणूस डिस्क धरतो कुठे? कडेला. लाडू खाऊन लगेच डिस्क बदलायला उठणारा माणूस असेल, तर बेसनाचा ठसा उमटतो तो नेमका मंगलाष्टकांवर. (पुसायची झाली तर मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. आणि टूथपेस्ट लावू नये, कितीही जणांनी सांगितलं तरी.) सिंगलच्या कडेला मात्र सिनेमाचा शेवट असतो. तिथे ठसा उमटला तर पाठवणीच्या रडारडीनंतर येणारं "व्हिडिओ शूटिंग" हे व्हिडिओवाल्याचं नाव तेवढं अडकतं. त्या बदामांसाठी आणि पाकळ्यांसाठी ही शिक्षा मला योग्य वाटते.

इंग्रजी सिनेमावाल्यांना या थर बदलण्याचं दुःख मोठं. त्यांच्या सिनेमाला मध्ये थांबायची सवय नाही. आपलं तसं कुठे आहे? आपल्या सिनेमाला मध्यंतर असतं. पडद्यावर तशी पाटी येते, दिवे लागतात, माणूस उठून बटाटावडा आणतो. घरी व्हीसीडी आल्या तेव्हाही आपण कुरकुर केली नाही. एका व्हीसीडीत ८० मिनिटं मावत, म्हणजे 'लगान'ला तीन लागत. पहिली संपली की घरातलं सर्वांत धाकटं माणूस उठून दुसरी घालत असे, तेवढ्यात कोणी कुकर बंद करत असे, आणि शेवटच्या षटकासाठी थेट तिसरी काढायची हे सगळ्यांना पाठ होतं. डिस्क बदलायला उठणं ज्या समाजाला कधीच जड गेलं नाही, त्याने न उठण्यासाठी थाळीचे पैसे का मोजावेत?

शिवाय हिशेब बघा. दोन सिंगल म्हणजे ९.४ जीबी. एक डबल म्हणजे ८.५. काकांचे ते हरवलेले ०.९ दोन सिंगल घेतल्या की आपोआप परत मिळतात. साडेतीन तासांच्या लग्नाला सेकंदाला ५.४ च्या जागी जवळपास ६ मेगाबिट येतात, म्हणजे अक्षतांचे दाणेही दाणेच दिसतात. दोन सिंगल मिळून वडापाव दोन. रायटर जुना चालतो, प्लेयर कुठलाही चालतो, जन्मदाखला बदलावा लागत नाही. वीज गेली तर एकच सिंगल वाया जाते. आणि लग्न कुठे तोडायचं हे आपल्या हातात राहतं. भाग १ सीमांतपूजनापाशी संपवावा, भाग २ मंगलाष्टकांनी सुरू करावा.

याला एकच तोटा आहे. तो तांत्रिक नाही. आमच्याकडच्या लग्नाचे दोन-दोन सिंगलचे संच करून सगळ्या नातेवाइकांना वाटले. महिनाभराने व्याह्यांचा फोन आला. "अहो, आमच्याकडे दोन्ही सीड्या एकच लागतायत. नवरदेवाला हळद लागते आणि पुन्हा हळदच लागते." (डीव्हीडीला सीडी म्हणणं हा आपल्याकडे सर्वमान्य पाठ आहे.) म्हणजे त्यांच्याकडे दोन भाग १ गेले होते आणि दुसऱ्या कोणाकडे तरी दोन भाग २. त्या घरात हळदीशिवाय दोनदा लग्न लागत असणार, पण त्यांनी कळवलं नाही. बहुधा त्यांनी लावून बघितलंच नसेल.

पुढे ब्लू-रे आली, २५ जीबीची एका थराची आणि ५० ची दोन थरांची, आणि हाच प्रश्न नव्या भावात पुन्हा विचारला जाणार असं वाटत असतानाच पेन ड्राइव्ह स्वस्त झाले. दुकानदाराने काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं लावली. आता नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते.

घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये मजकूर रंगाच्या थरात उमटवलेला असतो आणि रंग उन्हाने, उष्णतेने उडतो, मग ती सिंगल असो की डबल. तेव्हा कपाटात लग्नाच्या डिस्क असतील तर येत्या सुट्टीत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. चालू रायटर तुमच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना गाठा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो जपावा आणि शक्यतो कोणाला सांगू नये. आणि उतरवताना तुमच्याकडे भाग २ दोन निघाले तर कृपया एक व्याह्यांना पाठवा, पाठवणी अजून त्यांनी पाहिलेली नाही.